७२चे ३०० केले, तरी फोटो धूसरच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम तुमच्याकडे आलंय. मुखपृष्ठावर इमारतीचा फोटो आहे, आत संस्थापक मुख्याध्यापकांचा फोटो, जुने गटफोटो आणि बोधचिन्ह आहे. छापखान्याने सांगितलं, "रेझोल्यूशन कमी आहे, ३०० डीपीआय करून द्या." तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये ७२ च्या जागी ३०० टाकलं आणि फाइल चांगली जड झाली. तरीही प्रूफमध्ये, म्हणजे छापून आलेल्या नमुन्यात, इमारत धूसर, शाळेचा निळा रंग जांभळट आणि बोधचिन्हाच्या कडा करवतीसारख्या आल्या. आता कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं, असं तुम्ही विचारताय.

सॉफ्टवेअर घेऊ नका. मी बावीस वर्षं प्रीप्रेसचं काम करतो, म्हणजे डिझाइन झाल्यापासून छपाईची प्लेट निघेपर्यंतचं. एवढ्या वर्षांत सॉफ्टवेअर साधं होतं म्हणून बिघडलेली स्मरणिका मी पाहिलेली नाही. फोटो चुकीच्या वाटेने आला म्हणून बिघडलेल्या मात्र कितीतरी पाहिल्यात. तुमची अडचण तीच आहे. मूळ फोटो कुठे आहे, तो तुमच्यापर्यंत कसा आला आणि त्यात मुळात ठिपके किती आहेत, एवढं शोधलं की निम्मं काम होतं. बाकीचं कागदावर, छपाई ऑफसेटवर आहे की डिजिटलवर, आणि तुमच्या हातात किती दिवस आहेत, यावर अवलंबून आहे. त्यामुळे खालचे आकडे तुमच्या छापखान्याशी एकदा बोलून मग पक्के करा.

आधी त्या ३०० चं बघू. फोटो म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा किती, प्रत्येकी ० ते २५५. फोटो म्हणून त्यात एवढंच असतं. इंच आणि सेंटीमीटर त्या ठिपक्यांत कुठेच नसतात. डीपीआय ही फाइलला लावलेली नुसती चिठ्ठी असते, की छापताना एका इंचात इतके ठिपके बसवा. चित्राच्या बाबतीत खरा शब्द पीपीआय, म्हणजे इंचाला किती पिक्सेल, हा आहे, पण छापखान्यात सगळे डीपीआयच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

तुमचा फोटो १६०० बाय १२०० आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे १९ लाख २० हजार ठिपके. इमेज साइझची खिडकी उघडली की तिथे रिसॅम्पल नावाची एक टिक असते. ती काढून ३०० टाकून बघा. ठिपके तेवढेच राहतील, फक्त छापायची रुंदी २२ इंचांवरून सव्वापाच इंचांवर येईल. हा खरा हिशेब. ती टिक तशीच ठेवून ३०० टाकलं, तर रुंदी २२ इंचच राहते आणि सॉफ्टवेअर १९ लाखांचे सव्वातीन कोटींहून जास्त ठिपके करून देतं. हे नवे ठिपके कॅमेऱ्याने पाहिलेले नसतात. शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून ते मध्ये भरलेले असतात. फाइल जड झाली ती यामुळे. ताकात पाणी घातलं की ताक वाढतं, लोणी वाढत नाही.

आता मुखपृष्ठाचं गणित मांडू. ए-४ म्हणजे २१ बाय २९.७ सेंटीमीटर. कटिंगसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा कड, धरला की २१.६ बाय ३०.३. ३०० ने हे भरायला सुमारे २५५० बाय ३५८० ठिपके लागतात. तुमचा फोटो आडवा आहे आणि पान उभं. म्हणजे फोटोची १२०० ठिपक्यांची उंची पानाच्या १२ इंचांवर ताणली जाते आणि इंचाला जेमतेम १०० ठिपके मिळतात. रुंदीतही तीच गत, म्हणून एका चौरस इंचात हवे त्याच्या नवव्या हिश्श्याएवढेच ठिपके येतात. धूसर दिसणारच.

तो फोटो मुळात असा नव्हता. साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरासुद्धा ४००० बाय ३००० चा फोटो देतो. तो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला की लहान होतो आणि दाबलाही जातो. आमच्याकडे तसे येणारे बहुतेक फोटो १६०० च्या आसपासचेच असतात. ज्यांनी फोटो काढला त्यांना फोन करा, गॅलरीतला मूळ फोटो शोधायला सांगा आणि तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. एचडी पर्याय साध्यापेक्षा बरा, पण त्यातही दाब पडतोच. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल मात्र जशीच्या तशी येते. मूळ ४००० बाय ३००० चा आडवा फोटो मिळाला तर तुमच्या मुखपृष्ठावर इंचाला २५० ठिपके पडतील, आणि तेवढ्यात मी निर्धास्त प्लेट काढतो. त्याहून सोपं म्हणजे इमारत जागेवरच उभी आहे. सकाळी दर्शनी भागावर ऊन असताना जा, फोन उभा धरा आणि नवा फोटो काढा. ३३० च्या पुढे जाल. झूम मात्र बोटांनी करू नका, पायांनी पुढे जा.

दाब पडला म्हणजे नेमकं काय झालं, ते एकदा डोळ्यांनी बघून ठेवा. आत्ताचा फोटो ४०० टक्के मोठा करा आणि इमारतीवरच्या पाटीकडे जा. 'विद्यालय'च्या शिरोरेखेभोवती धुळीसारखे कण दिसतील आणि आकाशात फिकट चौकोन दिसतील. प्रत्येक चौकोन ८ बाय ८ ठिपक्यांचा असतो. जेपेग पद्धत १९९२ साली प्रमाण झाली, ती चित्राचे असे तुकडे पाडते आणि डोळ्याला कमी कळणारा तपशील टाकून देते. आकाश, गाल, भिंत यांच्यावर ते खपून जातं. काळ्यावर पांढरी अक्षरं असली की लगेच उघडं पडतं. शिवाय जेपेग उघडून, बदल करून, पुन्हा जेपेगच सेव्ह केली की दर वेळी थोडं आणखी जातं. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत घ्या, लेयर शाबूत राहतील अशा फाइलमध्ये काम करा आणि छपाईला देताना टिफ किंवा पीडीएफ काढा.

३०० हा आकडा कुठून आला, हेही सांगतो. तो देववाणीसारखा सांगितला जातो आणि त्यात माणसं फुकट अडकतात. भिंग घेऊन वर्तमानपत्रातला एखादा फोटो बघा. लहानमोठे ठिपके दिसतील. मशीनला फिकट शाई देता येत नाही, शाई एक तर असते किंवा नसते. म्हणून फिकटपणासाठी बारीक ठिपका आणि गडदपणासाठी मोठा ठिपका. याला स्क्रीन म्हणतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचाला १५० ओळींची स्क्रीन चालते, आणि चित्रात तिच्या दुप्पट ठिपके असावेत असा ठोकताळा आहे. त्यातून ३०० आले. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, तिथे स्क्रीन ८५ च्या आसपास असते, म्हणून १७० पुरतात. तुमची आतली पानं मॅपलिथोवर, म्हणजे साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर असतील तर २२५-२५० ला काहीच अडचण नाही. शाळेच्या फाटकावरचा फ्लेक्स लोक दहा-पंधरा फुटांवरून बघतात, त्याला प्रत्यक्ष मापात ७२ सुद्धा भरपूर होतात. मॅपलिथोवर शाई पसरते आणि फोटो मॉनिटरवर दिसतो त्यापेक्षा काळपट येतो. मी गटफोटोतल्या सावल्या आधीच थोड्या उजळून देतो. मॉनिटरवर ते फिकं वाटतं, कागदावर बरोबर येतं.

आता जुने फोटो. मला विचाराल तर या स्मरणिकेचा खरा जीव इथे आहे. मुखपृष्ठ पुन्हा काढता येईल, १९७६ ची दहावीची बॅच पुन्हा उभी करता येणार नाही. म्हणून सगळा वेळ इथे घाला.

फोटोचा मोबाइलने फोटो काढू नका, स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० पुरे होतात. पासपोर्ट साइझला १२००. साडेतीन सेंटीमीटर रुंदीचा फोटो १२०० ने स्कॅन केला की साडेसोळाशे ठिपके मिळतात आणि तो १४ सेंटीमीटरपर्यंत निर्धास्त छापता येतो. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. याचं कारण मी हाताखालच्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात दाखवतो. जुन्या फोटोवरचा पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो आणि लाल बराचसा तसाच परत पाठवतो. म्हणून फोटोचे लाल, हिरवा, निळा हे चॅनल एकेक करून बघितले की निळ्या चॅनलमध्ये डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. फक्त लाल चॅनल घेतला की तासाभराची पुसापुशी वाचते. रंग न घेता स्कॅन केलं असेल तर ही सोय कायमची गेली. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, चेहऱ्याचा पापुद्रा निघून येतो. काचेसकट स्कॅनरवर ठेवा.

रौप्यमहोत्सवाची जुनी स्मरणिका हाताशी असेल आणि त्यातूनच फोटो घ्यायचा मोह होत असेल, तर आधी मूळ प्रिंट शोधा. छापलेल्या फोटोत स्क्रीनचे ठिपके आधीच असतात. त्यावर तुमच्या छापखान्याची स्क्रीन बसली की दोघांच्या भांडणातून चेहऱ्यावर जाळी उमटते. इलाजच नसेल तर स्कॅनरचा डीस्क्रीन पर्याय चालू करा आणि फोटो मुळाएवढा किंवा त्याहून लहान छापा, मोठा नको.

एआयने फोटो मोठा करता येतो का, असंही तुम्ही विचारलंय. येतो. आकाश, भिंत, झाडं यांना मी वापरतो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. चेहऱ्याला वापरत नाही. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त गुरुजींच्या पहिल्या पुण्यस्मरणाचा फोटो आमच्याकडे आला. गटफोटोतून कापलेला, चेहरा जेमतेम साठ ठिपक्यांचा. आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलाने तो एआयमधून काढला. डोळे चमकदार, भुवयांचा केस न् केस वेगळा, मिशी रेखीव. आम्ही सगळे खूश झालो. संध्याकाळी गुरुजींच्या पत्नी प्रूफ बघायला आल्या. बराच वेळ बघत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "छान आहे, पण हे आमचे नव्हेत. त्यांचा डावा डोळा जरा बारीक होता." साठ ठिपक्यांत तो बारीक डोळा नव्हताच. सॉफ्टवेअरने हजारो परक्या चेहऱ्यांवरून दोन सारखे डोळे बसवून दिले होते. मी त्यांना विचारलं, पासपोर्ट साइझचा एखादा फोटो कुठल्या कागदावर आहे का. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेचं जुनं पासबुक आणलं. फोटोच्या कोपऱ्यावर गोल शिक्का होता, पण तो खांद्यावर, चेहऱ्यापासून लांब. १२०० ने स्कॅन केला, शिक्का क्लोन टूलने पुसला, चेहऱ्याला हात लावला नाही. डावा डोळा बारीक होता.

म्हणून संस्थापक मुख्याध्यापकांच्या फोटोसाठी त्यांच्या घरी जा. पासबुक, जुनं ओळखपत्र, कुणाच्या लग्नाचा अल्बम, काहीतरी निघतं. काहीच नाही निघालं तर आहे तो फोटो लहान छापा. तीन सेंटीमीटरचा खरा चेहरा पानभर खोट्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही चांगला.

दुरुस्तीचा क्रम माझा असा असतो. आधी उजेड-अंधार लेव्हल्सने किंवा कर्व्हने बसवतो, मग डाग-ओरखडे वेगळ्या लेयरवर काढतो, मग फोटो छापायच्या मापात आणतो. शार्पन सगळ्यात शेवटी, त्याच मापात. आधीच शार्पन करून मग माप बदललं की कडांना पांढरी रेघ येते. शार्पनने हरवलेला तपशील परत येत नाही, आहे त्या कडा फक्त ठळक होतात.

इथपर्यंतचं एवढं लक्षात असू द्या: ठिपके मोजा, मूळ फाइल मागवा, जुनं सगळं रंगीत स्कॅन करा, चेहऱ्यात काही भरू नका.

आता निळ्याचं जांभळं का झालं ते. कॉम्प्युटरची स्क्रीन लाल, हिरवा, निळा असा प्रकाश फेकते. कागद प्रकाश फेकत नाही, त्यावर सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या चार शाया पडतात आणि त्या प्रकाशातला काही भाग खातात. स्क्रीनवरचे झगझगीत निळे आणि पोपटी रंग या चार शायांना गाठताच येत नाहीत. हा दोष कुणाचा नाही, तो शाईचा स्वभाव आहे. शुद्ध निळा आपोआप बदलू दिला की सायनच्या जवळपास तेवढाच मॅजेंटा येतो, आणि असा निळा कागदावर जांभळा दिसतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवा. मी शाळेच्या निळ्यासाठी सायन १००, मॅजेंटा ६० पासून सुरुवात करतो आणि छापखान्याच्या शेडकार्डवर बोट ठेवून ठरवतो. तुमच्या स्क्रीनवर तो कसा दिसतो याला फार महत्त्व देऊ नका. फोटो मात्र शेवटपर्यंत आरजीबीतच, म्हणजे लाल-हिरवा-निळ्यातच, ठेवा. छापखान्याला त्यांचा प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या शाई-कागदाचं रंगांचं सेटिंग, विचारा आणि चार शायांत रूपांतर त्याच प्रोफाइलने एकदाच करा.

काळ्या रंगाचं वेगळं सांगावं लागतं, कारण मराठी मजकुराचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. आरजीबीतला काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगने बदलला की सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९० असा होतो. म्हणजे एकेक अक्षर चार प्लेटांवर जातं. मशीनवर एक प्लेट केसभर सरकली की अनुस्वाराला गुलाबी सावली येते, रफार दोनदा दिसतो, दहा पॉइंटातला 'र्‍य' वाचता येत नाही. मजकुराला फक्त ब्लॅक १०० द्या, बाकी तीन शून्य. यासाठीच मजकूर फोटोच्या आत लिहायचा नाही. फोटोचं काम फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, पानं पानांच्या सॉफ्टवेअरमध्ये लावा. पैसे न घालता करायचं असेल तर फोटोसाठी जिंप, बोधचिन्हासाठी इंकस्केप आणि पानांसाठी स्क्रायबस एवढ्यात स्मरणिका होते.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत शीर्षक लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील, तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडा आणि परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. मजकूर युनिकोडमध्येच मागवा. जुन्या डीटीपी फाँटांत टाइप केलेला लेख दुसऱ्या यंत्रावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि मग तो पुन्हा टाइप करताना माजी विद्यार्थ्यांची नावं चुकतात. छापखान्याला देताना पीडीएफमध्ये फाँट एम्बेड करा. कोरलची फाइलच द्यायची असेल तर प्रूफ वाचून झाल्यावर मजकुराच्या कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांची चित्रं करा. आधी केल्यात तर चुका दुरुस्त करता येणार नाहीत.

बोधचिन्हाचं उत्तर छोटं आहे. तुमच्याकडचं बोधचिन्ह लेटरहेडवरून कापलेलं, ठिपक्यांचं आहे. ते पेन टूलने रेषांत पुन्हा काढून घ्या. रेषांच्या चित्रात ठिपके नसतात, फक्त वळणांचं गणित असतं, म्हणून ते बिल्ल्यावर आणि वीस फुटी फ्लेक्सवर सारखंच धारदार येतं. आपोआप ट्रेस करू नका. ब्रीदवाक्यातला अनुस्वार ट्रेस डाग समजून गाळतो आणि संस्कृतचा अर्थ बिघडतो. हाताने दोन तास लागतात, पण शाळेला पुढची पन्नास वर्षं पुरतं.

पुढचं प्रूफ आलं की ट्यूबलाइटखाली बघू नका. दिवसा खिडकीशी न्या, उन्हात नाही, उजेडात. आधी गटफोटोतल्या मागच्या रांगेतले चेहरे बघा, ते स्पष्ट दिसत असतील तर बाकीचं बरोबर आहे. मग भिंग घेऊन कुठल्याही एका अनुस्वाराकडे बघा, काळ्याभोवती रंग दिसतोय का. शक्य असेल तर त्या बॅचमधल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला सोबत न्या. गटफोटोखालची नावं डावीकडून उजवीकडे बरोबर लागली आहेत का, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. निगेटिव्ह स्कॅन करताना फोटो कधीकधी आरशातल्यासारखा उलटा होतो, तेही त्यांनाच ओळखू येतं.